उभ्या गाडीचे मैल

आमचे घरमालक रोज तीन वेळा गाडी तपासत. सकाळी सात वाजता निघण्यापूर्वीची तपासणी, दुपारी जेवणानंतर वाटेतल्या थांब्यावरची तपासणी आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी परत आल्यानंतरची तपासणी. तिन्ही वेळा गाडी एकाच जागी उभी असे. कापसाच्या खोलीत विटांच्या चार थरांवर ती ठेवलेली होती आणि मी त्या घरात राहायला गेलो तेव्हा तिची चाकेही काढलेली होती.

मी त्या वेळी धुळ्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचा शहाद्याचा बातमीदार होतो. जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत आणि राज्य अजून मुंबईचे होते. खोली शोधताना मला कळले की बसस्टँडमागच्या एका घराची माडी रिकामी आहे, पण मालक ती कोणाला देत नाहीत. एका कंपाउंडरला आणि कोर्टातल्या एका कारकुनाला त्यांनी परत पाठवले होते. मी गेलो तेव्हा त्यांनी माझे नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीच विचारले नाही. कपाटातून तेलकट पुठ्ठ्याचे एक इंग्रजी पुस्तक काढले, मधलेच पान उघडले आणि म्हणाले, "वाचा." मी वाचले. "आता मराठीत." ब्रेकच्या तेलाबद्दलचा तो परिच्छेद मी जमेल तसा मराठीत सांगितला. ते म्हणाले, "सामान केव्हा आणता?"

पुस्तक गाडीबरोबर आले होते. गाडी म्हणजे लष्कराची जीप. महायुद्ध संपल्यावर अशा शेकडो गाड्या लिलावात निघाल्या. बहुतेकांनी त्या घेऊन रंग बदलला, मागे फळ्या ठोकल्या आणि माल वाहायला लावल्या. आमच्या घरमालकांनी घेतलेली जीप चालत नव्हती. रेल्वेने ती नंदुरबारला आली आणि तेथून बैलांच्या दोन जोड्यांनी तिला शहाद्याला ओढून आणले. उन्हाळा होता, तापी उथळ होती. पात्रातून गाडी नेताना बैलांच्या पुढे सालदार बुधा चालत होता आणि मालक डाव्या बाजूच्या सीटवर बसून चाक फिरवत होते. बैल जातील तिकडे गाडी जात होती, तरी ते चाक फिरवत होते, असे बुधा सांगे. बुधा सातपुड्याच्या डोंगरातला, अक्राणीतला भिल्ल, त्यांच्याकडे वीस वर्षे सालाने होता. घरी भिली बोले, इतरांशी अहिराणी.

मालकांना सगळे गाव नाना म्हणे. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी ते एक, कपाशी आणि केळी पिकवणारे. घरात आपल्या बोलीत बोलत, बाजारात अहिराणीत आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत, जी त्यांनी चौथीनंतर फारशी वापरली नव्हती. बुटके, सडपातळ, पांढरे धोतर, काळी टोपी. तपासणीच्या वेळी टोपी खुंटीला टांगत आणि एक जुना कोट अंगात घालत. त्या कोटावर तेलाचे डाग होते, धोतरावर मी कधी पाहिला नाही. तपासणी करताना ते पुस्तकातली कलमे पुटपुटत. मी मराठीत सांगितलेली वाक्ये त्यांनी पाठ केली होती, माझ्या चुकांसकट.

रोज संध्याकाळी ते माडीवर येत. "बातमीदार, पान बावीस." मी वाचायचो, ते ऐकायचे, मध्येच थांबवून विचारायचे, "घट्ट म्हणजे किती घट्ट?" पुस्तकात आकडा असे. आकडा ऐकला की त्यांचा चेहरा निवळे. अंदाज हा शब्द त्यांना आवडत नसे. एकदा मला ताप आला तेव्हा वैद्यांनी काढा दिला. नानांनी वैद्यांना विचारले, "हे कोणत्या पुस्तकात आहे?" वैद्यांनी पुस्तकाचे नाव सांगितले. मग त्यांनी मला काढा घेऊ दिला.

गाडीबाबत त्यांचा नियम एकच होता. लष्कराने जशी केली तशी. नटबोल्ट तंबाखूच्या डब्यांत ठेवलेले असत आणि प्रत्येक डब्यावर ते कुठले हे खडूने लिहिलेले असे. गाडीवर तीन रंग चढले होते. खालचा मूळ हिरवा रंग दिसावा म्हणून त्यांनी वरचे दोन रॉकेलच्या बोळ्याने आणि नखाने उतरवले, त्याला एक पावसाळा गेला. पेट्रोलच्या टाकीचे झाकण हरवलेले होते. दुसरे झाकण इथे सहज बसवता आले असते. नाना मुंबईला गेले, जुन्या बाजारात चार दिवस फिरले आणि तसलेच झाकण घेऊन आले. ते त्यांनी नव्या खणात गुंडाळून आणले होते, ओरखडा पडू नये म्हणून. त्यांच्या पत्नीने खण पाहिला आणि आपल्यासाठी आणला असे समजून हातात घेतला. आतून झाकण निघाले. खण मात्र तिने ठेवून घेतला.

या बाईंना सगळे नानी म्हणत. माहेर ब्राह्मणपुरीचे, शेतकऱ्याचे. त्यांना गाडीचा राग नव्हता, जागेचा होता. कापसाच्या खोलीत गाडी आल्यापासून कापूस ओटीवर पडत असे आणि हंगामात आम्हाला घरात शिरण्यासाठी कापसावरून चालावे लागे. माझ्या खाटेखालीही दोन बोचकी असत. मी तक्रार केली नाही. कापसाची ऊब असे.

बाजारात लोक नानांना गाडीची खुशाली विचारत, जशी आजारी माणसाची विचारावी.

"नाना, गाडी काय म्हनस?"

"बरी शे. तब्येत सुधारी ऱ्हायनी."

"घरना बाहेर कदी येई?"

"पुस्तक सांगी तदी."

हे ते हसून सांगत नसत. त्यांना विनोद कळत नसे असे नाही. या विषयात तो करण्याची त्यांना गरज वाटत नसे.

पुस्तकातले एक प्रकरण त्यांनी मला वाचू दिले नाही. शेवटच्या पाच-सहा पानांना त्यांनी पोते शिवायच्या दोऱ्याने टाके घातले होते. आधी कोणीतरी त्यांना ती पाने सांगितली असावीत. एका दुपारी नाना शेतावर असताना नानी ते पुस्तक घेऊन माडीवर आल्या आणि टाक्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हाई काय शे?" कडेने डोकावून जेवढे दिसले तेवढे मी वाचले. गाडी शत्रूच्या हाती पडण्याची वेळ आली तर ती पुन्हा चालणार नाही अशी कशी मोडावी, याच्या सूचना होत्या. कोणत्या भागावर घण घालायचा ते क्रमाने दिले होते.

नानींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मंग शत्रू मीच शे." आणि पुस्तक जागेवर ठेवून शेंगा फोडायला बसल्या.

बुधाच्या मते गाडी बैलाच्या जातीची होती. ती ओढून आणताना त्याने तिची वागणूक पाहिली होती. एका पोळ्याला नाना बाहेरगावी गेले होते. बुधाने सगळे बैल धुतले, शिंगे रंगवली आणि मग गाडीही धुतली. तिच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांवर गेरूचे पंजे उठवले, दिव्यांना गोंडे बांधले आणि नानींनी दिलेली पुरणपोळी बॉनेटवर ठेवली. एक पावसाळा खर्चून उघड्या केलेल्या मूळ हिरव्या रंगावर ते पंजे होते. नाना संध्याकाळी परतले. त्यांनी टोपी खुंटीला टांगली, कोट घातला आणि बराच वेळ गाडीपुढे उभे राहिले. बुधा म्हणाला, "नाना, वरीसना सन शे. तिले एकलीले कसं सोडानं?" नानांनी रॉकेलचा बोळा उचलला होता, तो खाली ठेवला. पंजे दुसऱ्या दिवशी पुसले. पोळ्याच्या दिवशी कोणत्याही बैलाचा रंग कोणी पुसत नाही, एवढेच त्यांनी मला कारण सांगितले.

मी राहायला आल्यापासून पाचव्या वर्षी इंजिन सुरू झाले. तोवर महाराष्ट्र राज्य झाले होते. चाके बसली, गाडी विटांवरून उतरली. आता दर गुरुवारी दहा मिनिटे इंजिन चाले आणि गाडी बाजारापर्यंत जाऊन येई. त्यापुढे नाना नेत नसत. सगळ्या भागांना एकमेकांची ओळख होऊ द्यावी लागते, असे ते म्हणत. हे पुस्तकात नव्हते, पण मी तसे बोललो नाही.

अडचण इंजिन सुरू झाल्यानेच आली. बंद गाडी कोणाला नको होती. चालू इंजिनावर मात्र नजर गेली. गावात लोखंडाचा आणि पंपांचा व्यापार करणारे एक शेठ होते, त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. ते नानांचे मित्र होते आणि रोज सकाळी ओट्यावर चहाला येत. त्या वर्षी नानांनी केळीची बाग वाढवली होती आणि विहिरीवर अजून मोट चालत होती. दोन बैल दिवसभर चालून निम्म्या बागेला पाणी पुरवत. शेठ म्हणाले, "नाना, हाई गाडी शे का देव्हारा? इंजिन काढा, विहीरवर बसाडा. पंप मी जोडी देस."

नानींना हे पटले. केळीची पाने कडेने पिवळी पडू लागली होती आणि हे त्या रोज बघत होत्या. नाना उठले. दुपारच्या तपासणीला गेले. ते परत आल्यावर नानींनी शेठच्या आणि माझ्या समोर अट घातली.

"व्हळीपावत मले बसाडीसन धडगावना घाट चढी दखाडा. नही चढनी, ते इंजिन विहीरवर जाई."

नाना म्हणाले, "कबूल." शेठ माझ्याकडे वळून म्हणाले की वर्तमानपत्राचा माणूस बरोबर असू द्या, म्हणजे खरे काय ते कळेल. अशा रीतीने मी साक्षीदार झालो.

धडगावचा घाट तेव्हा कच्चा होता. लाकूड वाहणारे ट्रक तो चढत, पण त्यांच्याबरोबर चाकामागे दगड लावणारा एक माणूस असे. नानांनी तयारीला महिना घेतला. पुस्तकाप्रमाणे गाडीवर आठशे पौंडांपेक्षा जास्त वजन चालत नसे. म्हणून त्यांनी आम्हाला जिनातल्या कापसाच्या काट्यावर नेले. तोलाऱ्याने बुधाला पागोटे काढून तोलले. मला एकदा वहीसकट आणि एकदा वहीशिवाय तोलले. पाण्याचे डबे, पाने-हातोड्या, जॅक, होळीसाठी बुधाच्या घरी द्यायचे गुळाचे आणि दाण्यांचे पोते, सगळे काट्यावर गेले. नानी मात्र आल्या नाहीत.

"मी काय कपाशीनी गाठडी शे, काटावर चढाले?"

नानांनी समजावून पाहिले. मग त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांनी एक आकडा अंदाजाने लिहिला.

होळीच्या दोन दिवस आधी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. निघण्यापूर्वीची तपासणी त्या दिवशी खरोखर निघण्यापूर्वी झाली. नाना डावीकडे चाकावर, नानी त्यांच्या उजव्या हाताला, मागे बुधा आणि मी, मध्ये पोते. होळी जवळ आलेली, त्यामुळे रस्त्याने डोंगरातले लोक बाजार करून परतत होते. काही काठी गावच्या होळीला निघालेले होते, कमरेला घुंगरू बांधलेले, खांद्यावर ढोल. बुधा प्रत्येकाला हाक मारत होता. त्याने वीस वर्षे ही वाट पायी केली होती आणि त्या दिवशी तो बसून चालला होता.

घाट लागला. पहिल्या वळणावर नानांनी गाडी थांबवली आणि थांब्यावरची तपासणी केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणावरही केली. मागे एक लाकडाचा ट्रक अडकला. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला आणि नाना चाकांच्या कड्यांना हात लावून त्या किती तापल्या ते पाहत आहेत हे बघून, न बोलता आपल्या जागी जाऊन बसला. गाडी चांगली चढत होती. चौथ्या वळणानंतर चढ वाढला. तिथे मुरूम सैल होता. नानांनी सगळ्यात खालचा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी माणसाच्या चालीने चढू लागली, मग त्याहून हळू. ढोलवाले आमच्या पुढे निघून गेले.

नाना रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "अंदाज चुकला वाटतं."

नानींनी त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "थांबाडा."

नानांनी गाडी थांबवली. नानी उतरल्या, पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेने वर चालू लागल्या. बुधाने उतरून चाकामागे दगड लावला. नाना चाक धरून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी गाडी हळूच पुढे घेतली. बुधा दगड टाकून मागे चढून बसला. मुरुमावर चाके एकदा घसरली, धरली आणि गाडी वळण पार करून वर पोहोचली. नानी वर एका सागाखाली उभ्या होत्या. गाडी त्यांच्याजवळ थांबली तेव्हा त्या पुन्हा आपल्या जागी बसल्या. धडगावला बुधाच्या माणसांकडे पोते दिले आणि दिवेलागणीला आम्ही शहाद्याला परतलो.

मी जे पाहिले ते एवढेच. इंजिन बंद पडले नव्हते. नानी उतरल्या नसत्या तर पडले असते का, हे मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ चहाला आले. त्यांनी मला विचारले, "काय बातमीदार, चढनी का?" मी म्हणालो, "गाडी आपल्या इंजिनावर वर गेली." यात एकही शब्द खोटा नव्हता. शेठ मान डोलावणार तेवढ्यात नाना म्हणाले, "शेवटला वळनले हाई उतरनी. पायी गयी. अट मोडनी." आणि त्यांनी कोटाच्या खिशातून पाने काढून शेठपुढे ठेवले. इंजिन सोडवायला लागणारे सगळे पाने होते, क्रमाने लावलेले. त्यांनी ते सकाळीच काढून ठेवले असावेत.

शेठनी पान्यांना हात लावला नाही.

नानी आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबश्या पान्यांच्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, "अट कोनी घालेल व्हती? मी. मोडनी का नही, ते मी सांगसू."

"तू उतरनी व्हतीस," नाना म्हणाले.

"उतरनू. गाडीमा बठीसन ती चढतांना दखास का? दहा वरीस उभी दखी. एक डाव चढतांना दखानी व्हती, म्हनीसन उतरनू."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. शेठ म्हणाले, "दखी का मंग?"

"दखी," नानी म्हणाल्या. "झकास चढनी."

शेठनी पाने उचलून नानांच्या हातात दिले. मग केळीचे काय, असे त्यांनी विचारले. ते व्यापारी होते आणि पानांचा पिवळेपणा खरा होता. अंगणात मोटेचे बैल जुंपायला काढत असलेला बुधा तेव्हा बोलला.

"मोटले बैल जुपतांना त्यानं काळीज काढतस का, नाना?"

शेठ म्हणाले, "बैल चारा खास. हाई पेट्रोल पेस."

पण नानांनी चहाचा कप खाली ठेवला होता. ते उठून आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. मी त्यांना दोन दिवस वाचून दाखवले. गाडी विहिरीवर उभी करून, मागचे एक चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवण्याबद्दल त्यात कुठेही काही नव्हते. तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "करू नये असे आहे का?" मी म्हणालो, तसेही नाही.

चैत्रात शेठनी पंप जोडला. गाडी विहिरीच्या काठावर उभी राहिली, तिचे तीन पाय जमिनीवर आणि एक हवेत. टायर काढून रिमवरून पट्टा गेला होता. इंजिन जागचे हलले नाही, एक बोल्ट निघाला नाही. केळीच्या सगळ्या बागेला पाणी पोहोचू लागले आणि मोटेचे बैल सावलीत रवंथ करू लागले. कापूस कापसाच्या खोलीत गेला. त्या हिवाळ्यात मला माझ्या खाटेखालून थंडी वाजली.

पुस्तकातली एक गोष्ट मी आधी सांगायला विसरलो. प्रत्येक हजार मैलांनंतर कोणते तेल बदलावे, कुठे वंगण द्यावे, याचे एक मोठे प्रकरण त्यात होते. ते आम्ही कधी वाचले नव्हते. आपल्याला काय करायचे आहे, असे नाना म्हणत आणि पान उलटायला सांगत. ते पान उलटताना त्यांचा आवाज थोडा खाली येई.

पंप सुरू झाल्यावर सव्वा-दीड महिन्याने, उन्हे कलताना ते माडीवर आले. शेतावरून थेट आले असावेत, कारण अंगात कोट तसाच होता. इतक्या वर्षांत तो कोट घालून ते माझ्या खोलीत कधी आले नव्हते. विहिरीवर चाक फिरे तेव्हा गाडीतला मैलांचा काटाही फिरत होता. हे त्यांच्याशिवाय कोणाच्या लक्षात आले नव्हते.

"हजार झाले," ते म्हणाले आणि माझ्या खाटेवर बसले. "बातमीदार, आता ते प्रकरण वाचा. पहिल्यापासून."